मालकाची गोणी

बाईंना झाडांचे प्रेम होते, हे विधान मी प्रथम खोडून काढतो. त्यांच्या निधनास वर्ष झाले म्हणून गेल्या महिन्यात आमच्या गावात सभा झाली, आणि तिच्यात वक्त्यांनी एकामागून एक उठून त्यांना निसर्गकन्या ठरवले. नगरच्या एका दैनिकाने तर त्या पक्ष्यांत रमत असल्याचेही छापले. (नगरला आता अहिल्यानगर म्हणतात हे मला ठाऊक आहे, माझी जीभ वळेपर्यंत वाचकांनी सांभाळून घ्यावे.) माझ्यादेखत बाईंनी एकही रोप लावले नाही. शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली त्या उभ्या राहत त्या सावलीसाठी, आणि उभ्या राहून पाहत ते समोरच्या भिंतीकडे. पक्ष्यांचे म्हणाल तर दुर्बीण त्यांच्या यजमानांची होती. बाईंनी ती एकदाच डोळ्यांना लावली. कशासाठी, ते मी यथास्थित सांगणार आहे, कारण त्या प्रसंगाची जी कथा गावात प्रचलित आहे ती आरंभापासून अखेरपर्यंत खोटी आहे.

त्याच सभेत असाही ठराव झाला की बाईंच्या स्मरणार्थ वेशीवर सिमेंट काँक्रीटची भव्य कमान उभारावी. तो ऐकला आणि मी घरी येऊन लिहावयास बसलो. बाईंचे नाव मात्र इथे लिहीत नाही. कमानीवर ते पुरेसे मोठे येणार आहे.

मी या गावच्या माध्यमिक विद्यालयाचा मुख्याध्यापक होतो. मिरजगावहून आडरस्त्याला वळले की हे गाव लागते. निवृत्त झालो तरी लोक मला सर म्हणतात. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. ज्यांची नाही तेच सभांमधून बोलतात, ही माझी तक्रार जुनी आहे.

बाई नगरच्या एका तंत्रनिकेतनात शिकवीत आणि तिथली साहित्य-चाचणीची प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात असे. काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडायचे आणि किती भाराला फुटले त्यावरून कामाची ताकद सांगायची, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. शाळेच्या पाण्याच्या टाकीचे काम झाले तेव्हा असे ठोकळे तपासून आणण्याची अट होती. ठेकेदारावर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी स्वतः ते एसटीने घेऊन गेलो. ठोकळा काही केल्या फुटेना. यंत्राचा काटा चढत गेला तशी माझी छाती फुगत गेली. अखेर तो फुटला. बाईंनी आकडा टिपला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, “कुठल्या किल्ल्याचं काम काढलंय?”

टाकीचे, मी म्हणालो.

“मग हे कशासाठी? हवं होतं त्याच्या दुप्पट आलंय.”

मी ताठ मानेने सांगितले की आम्ही हात राखून सिमेंट घालीत नाही.

“तेच तर,” बाई म्हणाल्या. “तुम्ही मास्तर ना? पोराने एका गणितासाठी चार पुरवण्या भरल्या तर त्याचे मार्क वाढवता?”

मला राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही, हेही नमूद करतो. परंतु परतीच्या गाडीत मला हे स्वतःशी कबूल करावे लागले की माझ्या पूर्ण कारकिर्दीत मला कुणी इतक्या थोड्या शब्दांत गप्प केले नव्हते.

बाई सिमेंटला सिमेंट म्हणत नसत. ‘डोंगर’ म्हणत. सल्ल्यासाठी कुणाच्या बांधकामावर पाऊल ठेवताच त्यांचा पहिला प्रश्न असे, “आज किती डोंगर आला?” नवा गवंडी या प्रश्नाने क्षितिजाकडे पाहू लागे, आणि आमच्या कर्जत तालुक्याच्या सपाट माळावर त्याला तिथे काहीच दिसत नसे. मग बाई समजावीत. चुनखडीचा डोंगर फोडायचा, भट्टीत भाजायचा, दळायचा आणि गोणीत भरायचा. भट्टीच्या कोळशाचा धूर निघतो तो वेगळा, आणि भाजताना खुद्द दगडाच्या पोटातून वायू सुटतो तो वेगळा. “गोणीच्या वजनाच्या आसपास वायू आधीच वर गेलेला असतो, हेडमास्तर,” त्या एकदा मला म्हणाल्या. “तो कुणाला पाठीवर वाहावा लागत नाही, म्हणून तो कुणाला दिसत नाही.” हे सांगताना त्यांच्या आवाजात ना उपदेश असे ना करुणा. भाजी निवडताना बाईमाणूस बोलते तसे त्या बोलत. मी अनेक व्याख्याने दिली आहेत आणि त्याहून अधिक ऐकली आहेत. पण त्या एका वाक्यानंतर रस्त्याच्या कडेला रचलेल्या गोण्यांची थप्पी मला कधीही नुसती थप्पी वाटलेली नाही.

त्यांच्या पर्समध्ये कुलपाची एक मोठी किल्ली असे. तिचे कुलूप केव्हाच हरवले होते. कुणाच्याही घरी गेल्या की बाई त्या किल्लीने भिंत वाजवून पाहत, मग पाणी पीत. मंगल कार्यालयात त्यांचे डोळे वधूवरांवर नसून तुळयांवर असत. एका लग्नात अक्षता पडल्या तेव्हा त्या मला म्हणाल्या की या तुळईत आणखी एक कार्यालय झाले असते. घर बांधायचे म्हणून सल्ला विचारायला जो येई त्याला त्या आधी एकच विचारीत, “बांधायलाच हवं का?” माझा मुलगा पुण्यास असतो. त्याच्यासाठी मी माडीवर एक खोली काढायचे योजिले होते. बाईंनी हा प्रश्न विचारला, नंतर विचारले की तो वर्षातून किती रात्री इथे निजतो. मी पुष्कळ युक्तिवाद केला आणि माझे युक्तिवाद भक्कम होते. खोली मात्र बांधली नाही. मुलगा आला की पुढच्या खोलीत निजतो, आणि आम्ही दिवा मालवल्यावरही बोलत राहतो.

आता एक घृणास्पद अफवा. बाईंचे यजमान सिमेंटच्या कारखान्यात दगावले आणि त्या धक्क्याने बाईंनी हा ध्यास घेतला, असे सभेत एका तरुण वक्त्याने गहिवरून सांगितले. ते गृहस्थ एसटीच्या कार्यालयातून निवृत्त झाले असून हयात आहेत. सभेत दुसऱ्या रांगेत बसले होते. आपल्या मृत्यूची हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि शेवटी सर्वांबरोबर टाळ्याही वाजवल्या. माझ्या मते बाईंच्या सहवासाने माणसात असे काही उतरत असावे. मी उठून खुलासा केला, तेव्हा त्यांनी मला हातानेच खाली बसा अशी खूण केली. बाई कामावर असल्या की हे गृहस्थ दुपारच्या गाडीने त्यांचा डबा घेऊन येत आणि गळ्यात दुर्बीण अडकवून ओढ्याकडे पाखरे पाहायला निघून जात. बाई त्यांना विचारीत, आज काय दिसले. ते सांगत. बाई ऐकत, आणि ऐकता ऐकता भिंत वाजवीत.

आता गोणीकडे येतो.

स्लॅब टाकण्याच्या दिवशी आमच्या भागात एक रीत पाळतात. मालक नारळ फोडतो, मजुरांना गूळखोबरे वाटतो, आणि ठरलेल्या मापाचे सिमेंट मिक्सरमध्ये पडून गेल्यावर वरची एक गोणी स्वतःच्या हाताने उपडी करतो. तिला ‘मालकाची गोणी’ म्हणतात. मापात बसत नाही, हिशेबात नाही, कुणी मागितलेली नाही. पण ती न टाकणारा मालक कद्रू समजला जातो आणि त्याच्या सुनेला पाणवठ्यावर ऐकून घ्यावे लागते. सधन माणसे दोन टाकतात. काही ठिकाणी हौसेने आणखी पडतात, मग मिश्रण घट्ट होते, ते सैल करायला पाणी ओततात, आणि मालकाच्या औदार्याच्या भेगा पुढच्या उन्हाळ्यात छतावर उमटतात.

निवृत्तीनंतर बाई जिथे जिथे सल्ल्याला गेल्या तिथे तिथे स्लॅबच्या दिवशी त्या सकाळी लवकर पोहोचत, मालकाने बाजूला काढून ठेवलेली गोणी शोधून काढीत, आणि तिच्यावर बसत. काम संपेपर्यंत उठत नसत. डबाही तिथेच खात. आणि बसलेल्या वयस्क बाईला “उठा” म्हणणारा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे.

गावाचे म्हणणे असे की बाईंचे गुडघे दुखत, म्हणून त्या दिसेल तिथे टेकत. हे मी आजवर अनेकांच्या तोंडावर खोडले आहे. पातळाचा काचा मारून बाई बांबूच्या शिडीवरून छतावर चढत, तेव्हा खाली शिडी धरणाऱ्याचे पाय कापत. त्यांच्या गुडघ्यांना काहीही झालेले नव्हते. परंतु विचारले की त्या स्वतःच “हो, दुखतात” म्हणत आणि मला याचा संताप येई. मी एकदा स्पष्टच विचारले की तुम्ही या खोट्याला दुजोरा का देता.

“गुडघे म्हटलं की माणसं चहा आणतात,” बाई म्हणाल्या. “डोंगर म्हटलं की वाद घालतात. मला बसायचं होतं, हेडमास्तर. जिंकायचं नव्हतं.”

मला हे पटले नाही. चुकीचे विधान जागच्या जागी खोडले पाहिजे, या मताचा मी आहे आणि या मताने मी आयुष्य काढले.

शाळेच्या सभागृहाचा प्रसंग हाच त्यांच्या आयुष्याचा कळस होय, आणि त्याचा साक्षीदार म्हणून माझा शब्द अखेरचा मानला जावा अशी माझी अपेक्षा आहे.

शाळेला सभागृह हवे होते. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी मुलांना व्हरांड्यात, उन्हाच्या तिरिपेत परीक्षेला बसलेली दाखवली. बाईंनी मान डोलावली. बाईंनी बांधकामाला आपणहून मान डोलावलेली मी तेव्हाच पाहिली. जुन्या दोन वर्गांच्या काळ्या दगडाच्या भिंती पाडून सर्व नवे करायचे असे समितीचे मत होते. बाईंनी किल्लीने त्या भिंती वाजवल्या आणि सांगितले की यांना हात लावायचा नाही. मधली भिंत काढा, बाकी तशाच राहू द्या, वर फक्त छत नवे करा. छताचेही त्यांचे म्हणणे विलक्षण होते. स्लॅबच्या खालच्या अर्ध्या जाडीत, सळयांच्या मधल्या जागेत, काँक्रीट नुसते स्वतःचे ओझे वाहत पडून असते. ताकद सळईची आणि वरच्या थराची. तेव्हा त्या रिकामटेकड्या जागेत काँक्रीट न भरता जुन्या छपराची उतरवलेली कौले जोडीजोडीने मांडायची. आणि सिमेंट घ्यायचे ते वीज केंद्राच्या राखेची भर असलेले, म्हणजे तेवढा डोंगर कमी भाजावा लागतो. राखेचे सिमेंट सावकाश पिकते. त्याला दमाने पाणी द्यावे लागते आणि दमाने वाट पाहावी लागते.

रशीदभाई मिस्त्री आमच्या गावचे, तिसऱ्या पिढीचे गवंडी. ते ऐकत होते. ते म्हणाले, “बाई, म्हंजी जुनं छप्पर नव्याच्या पोटात.” पुढे बाई हे वाक्य सर्वत्र सांगत, आणि प्रत्येक वेळी रशीदभाईंचे नाव घेत.

पाणी देण्याचे काम सुमनबाईंनी घेतले. त्यांची कांद्याची शेती शाळेला लागून आहे आणि त्या वर्षी पाण्याचा तुटवडा होता. त्यांनी छतावर मातीचे छोटे छोटे वाफे बांधले, अगदी रोपे लावायची आहेत असे, आणि वर ओले बारदान अंथरले. थेंबही वाया जात नसे. बाई शिडीवरून वर जाऊन ते वाफे पाहत.

शाळा समितीचे अध्यक्ष होते आबा. ऊस आणि कांदा दोन्हींचे मोठे बागायतदार, मनाचे दिलदार, आणि त्या दिलदारपणामुळेच सिमेंटच्या बाबतीत घातक. स्लॅबच्या दिवशी बाई त्यांच्या गोणीवर बसल्या, हे त्यांच्या मनाला लागले होते. त्यांनी काय केले, तर स्लॅबबरोबर ओतलेल्या ठोकळ्यांपैकी एक उचलला आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच एका खाजगी प्रयोगशाळेत नेऊन फोडून आणला. राखेचे सिमेंट आठवड्यात जेवढे पिकावे तेवढेच पिकले होते. आकडा कमी आला. संध्याकाळपर्यंत गावात झाले की स्लॅब नापास, त्यात सिमेंटच नाही, नुसती कौले आणि राख.

दुसऱ्या दिवशी आबा शाळेत आले. ते ओरडले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. “सर, माझी नात हाय तुमच्या पाचवीत,” ते म्हणाले. “उद्या त्या राखंखाली काय झालं तर मी कुनाला तोंड दावू? आमी ठरवलंय. फोडायचा. दुप्पट सिमिट घालून नव्यानं टाकायचा. पैशे माझे.”

बाई शेजारी उभ्या होत्या. मी त्यांना चिडलेले, खट्याळ, हट्टी असे सर्व रूपांत पाहिले होते. घाबरलेले त्या दिवशी पाहिले. त्या पायरीवर बसल्या. गोणी नव्हती, नुसती पायरी होती. “चांगलं छत फोडायचं,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “आणि जाळलेला डोंगर पुन्हा जाळायचा.” माणसे दागिने मोडताना ज्या आवाजात बोलतात तसा तो आवाज होता. मग त्यांनी आबांकडे पाहिले. त्यांचे म्हणणे एवढेच की छताला पिकायला अवधी द्या. त्यानंतर त्यावर हिशेबाहून जास्त भार एक दिवसभर ठेवा. किती वाकते आणि भार काढल्यावर किती परत येते, ते सर्वांदेखत मोजू. परत आले नाही तर पहिला घाव मी घालीन.

आबा विचार करून कबूल झाले. प्रश्न असा की भार कशाचा ठेवायचा. पाणी नव्हते. वाळू मिळत नव्हती. उन्हाळी कांदा मात्र साठवणीच्या चाळी भरभरून पडला होता. कांद्याची पोती वजनाला सोपी, चढवायला सोपी. पण छत कोसळले तर कांद्याचा चिखल, आणि भाव चढायची वाट पाहत बसलेल्या माणसाने आपला माल त्या छतावर का द्यावा? बाई अंगणात उभ्या होत्या. लोक जमले होते. कुणी पुढे येईना. तेवढ्यात सुमनबाईंचा ट्रॅक्टर पोत्यांनी भरून फाटकातून आत आला. त्या उतरल्या आणि आबांना म्हणाल्या, “पानी मी घातलंय याला. मला ठावं हाय ते कसं झालंय. चढवा माझा कांदा.”

त्यानंतर पोती कमी पडली नाहीत.

आता ती प्रसिद्ध कथा. आबा सांगतात, आणि सभेतही त्यांनी सांगितले, की बाई स्वतः त्या भारलेल्या छताखाली खाट टाकून रात्रभर बसल्या आणि आबा त्यांच्या शेजारी हरिपाठ म्हणत बसले. हे पूर्णतः असत्य आहे. घडले ते असे. पोती चढत असताना आबांनीच सर्वांसमोर विचारले, “बाई, तुमचा एवढा भरवसा हाय, तर बसाल का खाली?” आम्ही सर्व बाईंकडे पाहू लागलो. मलाही वाटले की आता त्या बसतील.

“नाही,” बाई म्हणाल्या.

कुणीतरी हसले.

“मी खाली बसले तर तुम्ही सगळे माझ्याकडे बघाल,” बाई म्हणाल्या. “आपल्याला छताकडे बघायचंय. मी वाचले म्हणून छत बरोबर आणि मेले म्हणून चूक, असं नसतं आबा. सुई सांगेल ते खरं. आत कुणीही जायचं नाही, मीसुद्धा नाही.”

आणि त्यांनी दाराला कुलूप घातले. त्या क्षणी निम्म्या गावाने त्यांना भित्री ठरवले, हे त्यांना समजत होते. टाळ्या मिळवायची एवढी सोपी संधी समोर असताना, आपले सर्वस्व पणाला लागलेले असताना, केवळ ती गोष्ट पुरावा ठरत नाही म्हणून न करणे, हे धैर्य कुठल्या जातीचे म्हणावे ते मला आजही सांगता येत नाही. मी शूर माणसे पाहिली आहेत. तसे पुन्हा पाहिलेले नाही.

रशीदभाईंनी छताखाली आधाराचे टेकू बोटभर अंतर सोडून उभे केले होते. मधोमध एक घडवंची, तिच्यावर छताला टेकलेले मोजमापाचे घड्याळासारखे यंत्र. छत केसाएवढे वाकले तरी त्याची सुई हलते. ती सुई बाहेरून कशी वाचायची? बाईंनी यजमानांच्या गळ्यातली दुर्बीण मागून घेतली आणि खिडकीच्या गजांतून डोळ्यांना लावली. निसर्गकन्येचा पक्षिनिरीक्षणाचा एकमेव प्रसंग तो हा.

सुई सरकली. शेवटचे पोते चढेपर्यंत सरकत राहिली आणि मग थांबली. टेकूंना छत शिवले नाही. दिवसभर आणि रात्रभर भार तसाच राहिला. बाई खिडकीशी खुर्ची टाकून होत्या, आबा आपल्या घरी होते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोती उतरू लागली तेव्हा बाईंनी दुर्बीण माझ्या हातात दिली. “तुम्ही बघा,” त्या म्हणाल्या. “मी पुष्कळ ठोकळे फोडलेत. आता मला धीर नाही.”

मी पाहिले. प्रथम काहीच दिसले नाही. मग यंत्राची तबकडी आली, आणि तिच्यावरची सुई. वर पोते उचलले जाई आणि सुई उलट दिशेने किंचित मागे येई. आणखी एक पोते, आणखी किंचित. मी बाहेरून भिंतीला टेकून उभा होतो आणि गजांपलीकडे ते प्रचंड छत, पोटात जुनी कौले घेऊन, अंगावरचे ओझे उतरले तसे हळूहळू वर येत होते. जड, निर्जीव, मुके म्हणून ज्याकडे मी उभा जन्म पाहिले ते जागे होते, आणि हे मला डोळ्यांनी दिसत होते. विज्ञानाचे पाठ मी वर्षानुवर्षे शिकवले. पण देवळाच्या गाभाऱ्यात कधी मला जे झाले नाही ते मला त्या खिडकीत झाले. सुई जिथून निघाली होती तिथे जवळजवळ परत येऊन थांबली. बाईंनी मला विचारले नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि छतावरच्या माणसांना हाक मारली.

“कांदे सावकाश उतरवा रे. आपटू नका.”

एवढेच. विजयाचे दुसरे एक अक्षर त्यांनी काढले नाही. आबा आले, त्यांनी स्वतः सुई पाहिली, छताखाली जाऊन मान वर करून बराच वेळ उभे राहिले. त्या दिवसापासून ते बाईंचे भक्त झाले आणि त्याच दिवसापासून खोटे सांगू लागले.

ते छत आजही आहे. खालून पाहिले की कौलांच्या जोड्या ओळीने दिसतात. वादविवाद स्पर्धेत हरणारी मुले त्यांच्याकडेच पाहत बसतात, असे माझे निरीक्षण आहे.

इथवर लिहून झाले होते, आणि काल कमानीच्या पायाचा दिवस आला.

गेल्या महिन्याच्या सभेत मी कमानीला विरोध केला होता. बाईंचाच प्रश्न मी विचारला, बांधायलाच हवी का. आबा म्हणाले, “बाईंचं नाव ऱ्हायला नको का, सर? त्यांच्यासाठी बी हात राखायचा का आमी?” मी मुद्देसूद उत्तर दिले. प्रत्येक मुद्द्यावर मी जिंकलो, हे सभेतील कुणीही सांगेल. आणि कमान मंजूर झाली.

काल सकाळी मी वेशीवर गेलो तेव्हा खड्डे खणून तयार होते. मिक्सर आला होता. सळयांचे सांगाडे उभे होते. रस्त्याच्या कडेला गोण्यांची थप्पी आणि तिच्यापासून जरा बाजूला, हळदकुंकू लावलेली एक गोणी. आबा ती बाईंच्या नावाने स्वतःच्या हाताने टाकणार होते. माझ्या खिशात मुद्द्यांचा नवा कागद होता. मी तो काढला नाही. मी गोणीपाशी गेलो, धोतर सावरले आणि बसलो. ती वाटते त्याहून कठीण असते आणि थंड असते.

माणसे घुटमळली. मिक्सरवाल्याने माझ्याकडे पाहिले, मग आबांकडे पाहिले. कुणीतरी चहा सांगायला गेले. आबा हातात नारळ घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांना काय आठवत होते ते मला ठाऊक होते, कारण मलाही तेच आठवत होते.

“गुडघे दुखत्यात का, सर?” त्यांनी शेवटी विचारले.

माझे गुडघे उत्तम आहेत. रोज पहाटे मी मिरजगावच्या फाट्यापर्यंत पायी जातो, आणि हे आबांहून अधिक कुणाला ठाऊक नाही, कारण ते माझ्याबरोबर असतात.

“होय, आबा,” मी म्हणालो. “फार दुखतात.”

आबांनी खड्ड्याकडे पाहिले. मग वळून शाळेकडे पाहिले. नारळ त्यांनी खाली, मातीत, अलगद ठेवला.

“सरका जरा,” ते म्हणाले. “माझेबी दुखत्यात.”